वन्सं, तुमचा बिनसाखरेचा पेला

वन्सं, आज सूप काढलं. तुम्ही गेल्यापासून सहा दिवस ते स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभं होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून वावरत होते. आज निवडलेला तांदूळ संपला, मग इलाज राहिला नाही. रेशनचा तांदूळ सुपात ओतला, खाली बसले, गुडघा कडकन वाजला. सवयीने सूप पुढे सरकवलं आणि मग लक्षात आलं की पलीकडे कोणी बसलेलं नाही.

आपल्या घरात तांदूळ कधी एकटीने निवडला गेलाच नाही. सूप मध्ये, तुम्ही तिकडे, मी इकडे. एरवी तुम्ही मला हाकही मारत नव्हता, मी आपणहून यायची. पण "विमल, ये गं जरा, हात लाव" असं म्हणालात की मी समजायची, आज काहीतरी बोलायचं आहे आणि ते मला आवडणार नाहीये. एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, हे सुपाचं काय खूळ आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, "समोरासमोर बघून बोललं की माणूस भांडायलाच उभा राहतो. खाली खड्यांकडे बघत ऐकलं तर निम्मं तरी आत जातं." मी म्हणाले, "वन्सं, यमदूत आला तरी तुम्ही त्याला सूप पुढे करून बसा म्हणाल." तुम्ही हसलात. तो आलाच शेवटी, आणि त्याने तुम्हाला तेवढा वेळ दिला नाही.

मला आपलं पहिलं सूप आठवतंय. लग्न होऊन मी नगरहून मद्रासला आले, अयनावरमच्या या दोन खोल्यांत, तेव्हा मला तामिळचा एक शब्द येत नव्हता. रस्त्याच्या नळावर बायकांची रांग, सगळ्या एकदम बोलणाऱ्या, आणि मला वाटायचं सगळ्या मलाच बोलताहेत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी शेजारच्या कन्नम्माची घागर ढकलून दिली आणि मराठीत तिच्या सात पिढ्यांची आठवण काढली. घरी आले तर तुम्ही ड्यूटीवरून आलेल्या, नर्सच्या पांढऱ्या साडीतच, सूप घेऊन बसलेल्या. मी मनात उत्तरं जुळवत बसले. मोठ्या नणंदेने रागावलं तर काय म्हणायचं, सगळं तयार होतं. तुम्ही बराच वेळ खडे वेचत राहिलात आणि मग म्हणालात, "गॅलरीतून बघितलं मी, भांडताना तू सारखी घराकडे वळून बघत होतीस. भीती वाटते का गं तुला इथं?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. मी त्या तांदळातच रडले. तुम्ही रडू दिलंत, आणि माझं रडून झाल्यावर तितक्याच हळू आवाजात म्हणालात, "तिची घागर फुटलीय. संध्याकाळी आपण दोघी जाऊ तिच्याकडे." म्हणजे सुटका नव्हतीच. लोक तुम्हाला गोडबोल्या म्हणायचे ते मला कधी पटलं नाही, ते यामुळे. तुम्ही गोड काहीच बोलत नव्हता. जे सांगायचं ते पुरतं सांगत होता, फक्त आधी माणसाला बसायला जागा देत होता.

तुमची तामिळ शेवटपर्यंत मोडकीच राहिली. माझी नळावर तयार झाली, तुमची वॉर्डात. डॉक्टर इंग्रजीत सांगून पुढच्या खाटेकडे निघून जायचे आणि मग नातेवाईक तुमचा पदर धरायचे. मी एकदा तुमचा डबा घेऊन आले होते तेव्हा पाहिलं. एन्नोरकडची एक म्हातारी होती, तिचा मुलगा आत. तुम्ही उभ्याने काहीच सांगितलं नाहीत. "उक्कारुंगो अम्मा," म्हणत तिला बाकावर बसवलंत, शेजारी बसलात, पाणी दिलंत, आणि मग एकेक शब्द शोधत सांगितलंत. वाटेत मी म्हणाले, एवढ्या वर्षांत नीट तामिळ शिकला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "नको गं. भाषा चांगली आली की जीभ धावते. मला शब्द शोधावा लागतो, तेवढ्यात मी त्या माणसाकडे बघून घेते."

तुमचा भाऊ गेला तेव्हा मात्र तुम्ही एकही शब्द शोधला नाहीत. काविळीने आठ दिवस तुमच्याच हॉस्पिटलात होता, माझी एस्तेर सातवीत होती. तुम्ही घरी आलात, माझा हात धरून मला खाटेवर बसवलंत आणि म्हणालात, "विमल, तो गेला." एवढंच. पुढे कधीतरी मी विचारलं, इतकं सरळ कसं सांगितलंत? तर म्हणालात, मरणाची बातमी गुंडाळून द्यायची नसते, माणूस गुंडाळलेल्यात आशा शोधत बसतो. त्यानंतर तुमच्याच नोकरीवर हे घर चाललं, एस्तेर शिकली. तुम्ही घर चालवल्याचा उच्चार कधी केला नाहीत. मीही केला नाही. माझं न करणं वेगळ्या जातीचं होतं, उपकार विसरल्याचं, हे आता कळतंय.

आता ते लिहायलाच हवं, वन्सं. तुम्हाला माहीत आहे मी कशावर येतेय.

एस्तेर अड्यारला एका ऑफिसात टायपिस्ट लागली आणि तिथल्या एका मुलावर तिचा जीव जडला. मुलगा तामिळ, आपल्यासारखाच ख्रिस्ती, सभ्य, स्टोअर सांभाळणारा. बाप मात्र एन्नोरचा मच्छीमार. एक दिवस त्याची आई आपणहून आपल्या घरी आली. ठेवणीतली साडी नेसून, दोन बस बदलून, हातात झाकलेली टोपली. सकाळी जाळ्यात आलेला मोठा वंजरम मासा तिने तुमच्या हातात दिला आणि खाली चटईवर बसली. मी उभीच राहिले. उभ्यानेच, चांगल्या स्वच्छ तामिळमध्ये, तिला नीट कळावं म्हणून, मी म्हणाले की या वासात माझी मुलगी राहायची नाही. ती उठली. ती दाराशी चपला घालत होती तेवढ्यात मी फिनेलची बाटली आणली आणि ती बसली होती तिथली फरशी पुसायला लागले.

तिने वळून पाहिलं. "परवाइल्ल," म्हणाली ती, म्हणजे असू द्या. दोनदा म्हणाली. तुम्ही तिच्यामागे जिना उतरून गेलात आणि बसस्टॉपपर्यंत गेला असणार, कारण परत यायला तुम्हाला अर्धा तास लागला. एस्तेर त्याच आठवड्यात मैत्रिणीकडे राहायला गेली. महिन्याभरात एन्नोरच्या छोट्या चर्चमध्ये तिचं लग्न झालं. तुम्ही गेलात. मी घरी पडदे धुतले.

त्या दिवशीचा तो मासा तुम्ही टाकला नाहीत. शिजवलात, दोन ताटं वाढलीत आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत म्हणालात की, प्रभू, ज्या हातांनी हे आमच्या घरी आणलं त्या हातांना आशीर्वाद दे. मी डोळे मिटून बसले होते. आमेन मी म्हटलं नाही आणि मासाही खाल्ला नाही. तुम्ही एकट्या जेवलात, काटे काढत, सावकाश.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक होती आणि मला ठाऊक होतं की ती तुम्हाला ठाऊक आहे. माझी आजी. नगरजवळच्या आमच्या गावात पाटलाच्या ओट्याखाली तिला बसवत, आणि ती उठून गेली की त्या जागेवर पाणी शिंपडत. आजी हे सांगायची तेव्हा हसून सांगायची, आणि आई उठून आत जायची. तुमच्या घरातही अशीच एखादी आजी असणार, आपण दोघी त्याच वाड्यावस्त्यांतून आलेल्या. फिनेलची बाटली माझ्या हातात असताना तुम्ही एक वाक्य बोलला असतात, 'विमल, तुझी आजी', एवढंच, तर मी जागच्या जागी मेले असते. तुम्ही बोलला नाहीत. त्या दिवशी नाही, पुढे दोन वर्षांत नाही, आणि शेवटच्या भांडणात मी तुम्हाला नको ते बोलले तेव्हाही नाही. मी वाट पाहत होते, वन्सं. रोज वाटायचं, आज काढतील. ते वाक्य तुम्ही तुमच्याबरोबर किलपॉकच्या मातीत घेऊन गेलात.

लग्नानंतर तुम्ही एक शनिवार सोडून एन्नोरला जायला लागलात. लोकलने जायचं, संध्याकाळी केसांना खारा वारा आणि विजेच्या कारखान्याची राख घेऊन परत यायचं. मी विचारायची नाही. तुम्ही हातपाय धुऊन चहा घेताना सहज म्हणायचात, "एस्तेर विचारत होती, आईचे गुडघे कसे आहेत म्हणून." मी म्हणायची, "बरे आहेत." पुढच्या खेपेला, "एस्तेर म्हणत होती, आईच्या हातच्या आमटीसारखी आमटी जमत नाही." त्या रात्रीचं जेवण मला गोड लागायचं. वन्सं, मी त्या शनिवारांवर जगत होते. वरून तोंड वाकडं करत होते, एवढंच.

मग तो पेला आला. आपल्या मराठी मंडळीची उपासना तामिळ चर्चच्या मागच्या हॉलात रविवारी दुपारी, आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजन. द्राक्षांचा रस करायचं काम माझ्याकडे. काळी द्राक्षं उकळायची, गाळायची, साखर घालायची. माझ्या लक्षात आलं की तुम्ही पेला घेत नाही आहात. तबक तुमच्यापुढे आलं की तुम्ही ते नुसतं पुढे देता. भाकरीचा तुकडाही नाही. मला वाटलं, साखर. तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या वाढल्या होत्या, डॉक्टर ओरडले होते. भाकर का नाही, हा प्रश्न मला पडला नाही, माझं डोकं रसातच अडकलेलं. मी कोणाला न सांगता तुमच्यासाठी वेगळा रस केला, बिनसाखरेचा, आंबट ढाण. एका पेल्याखाली दोऱ्याची खूण करून तो तबकाच्या कडेला ठेवला, आणि तबक तुमच्याकडे आलं तेव्हा खुणेने दाखवला. तुम्ही पाहिलंत, मान हलवलीत आणि तबक पुढे दिलंत.

मला राग आला. घरी येईपर्यंत मी बसमध्ये धुसफुसत होते. एवढं केलं तरी यांचं आपलं तेच. घरी आल्यावर तुम्ही सूप काढलंत. संध्याकाळची वेळ, तांदूळ निवडायची वेळच नव्हती.

"साखरेसाठी नव्हतं गं ते," तुम्ही म्हणालात.

"मग कशासाठी?"

"मी दीड वर्षं खोटं बोलतेय. तुझ्याशी आणि तिच्याशीही. मग कुठल्या तोंडाने घेऊ?"

मी खडे वेचायची थांबले. तुम्ही थांबला नाहीत.

"एस्तेरने तुझे गुडघे कधी विचारले नाहीत, विमल. आमटीचंही मीच रचलं. तिकडे जाऊन सांगायची, आई तुझी आठवण काढते. तू काढत असशीलच, पण तू म्हटलं नव्हतंस. मला वाटलं, एकदा दोघींना बोलायची सवय लागली की माझं खोटं आपोआप खरं होईल. नाही झालं. माझी चूक झाली. जन्मभर लोकांना खरं सांगितलं आणि घरातच मला जमलं नाही."

तुम्ही माफी मागत होता हे मला तेव्हा ऐकूच आलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की माझी मुलगी मला विचारत नव्हती. माझे सगळे शनिवार एका क्षणात गेले. आणि मग मी ते बोलले. म्हणाले, "तुम्हाला स्वतःचं मूल नाही ना, म्हणून माझ्या मुलीशी बाहुलीसारखं खेळलात."

वन्सं, तुमचे हात थांबतील असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. तुम्ही सुपातला शेवटचा कोपरा निवडलात, एक खडा काढून वाटीत टाकलात आणि म्हणालात, "तांदूळ झाला." सूप उचलून आत नेलंत. मागून मला तुमचा नळाखाली तोंड धुतल्याचा आवाज आला, बराच वेळ.

त्यानंतर तीन आठवडे आपण बोललो. चहा झाला, दूधवाला आला, पाण्याची लॉरी उद्या येणार आहे. एवढं सगळं बोललो. मला रोज वाटायचं, आज यांनी सूप काढावं आणि मला काय ते बोलून घ्यावं. आता लक्षात येतं की सूप मीही काढू शकत होते. पंचवीसेक वर्षांत एकदाही ते मी तुमच्यापुढे ठेवलं नव्हतं. मंगळवारी सकाळी तुम्ही गॅलरीत गवती चहाच्या डब्याला पाणी घालताना खाली बसलात आणि उठला नाहीत. मी आले तेव्हा तुमचे डोळे उघडे होते. मी ते वाक्य परत घ्यायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "वन्सं, पाणी देऊ का?"

एक वाद आपला राहूनच गेला. मला अजून ठरवता येत नाही की तुम्ही केलंत ते चूक होतं का. मंडळीतल्या कुणालाही विचारलं तर म्हणेल, खोटं ते खोटं. तुम्हीही तेच म्हणालात आणि स्वतःला पेल्यापासून लांब ठेवलंत. पण तुम्ही माझ्या तोंडी जे शब्द घातलेत ते मी बोलायला हवे होते, आणि मी जे खरंखुरं बोलले त्यातलं एकही कुणाच्या कामाचं नव्हतं. तुम्ही खोटं बोललात म्हणून उपाशी राहिलात. मी फिनेलच्या हातांनी दर महिन्याला तो रस केला आणि पहिल्या रांगेत बसून प्याले. मला कधी घशात अडकलं नाही.

बुधवारी एस्तेर आली. कडेवर पोर, मागे तिची सासू. दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. ती बाई आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि चटई नव्हती तरी बरोबर त्याच फरशीवर बसली, तुमच्या पायांपाशी. तिने तुमचे पाय चेपले, जिवंत माणसाचे चेपावेत तसे. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा तुम्हाला उचलायची वेळ झाली होती.

किलपॉकच्या कबरस्तानातून परत निघताना एस्तेर माझ्याजवळ आली. पोर झोपलं होतं. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, गुडघे कसे आहेत?"

तुम्ही दीड वर्षं जे रचत होता ते अखेर तिच्या तोंडून आलं, वन्सं. तुम्ही तिला कधी माझ्या गुडघ्यांचं सांगितलं होतं का, की मला चढावरून उतरताना पाहून तिचं तिलाच वाटलं, ते मला माहीत नाही. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

असं म्हणाले मी. चौकीवरच्या पोलिसासारखं. तिचा चेहरा मिटला. "कोणी नाही," म्हणाली, आणि सासूचा हात धरून बसस्टॉपकडे गेली.

परवा रविवारी प्रभुभोजन होतं. रस मीच केला होता, तुमच्या दुखवट्यातही, कारण दुसरं कोणी करणारं नव्हतं. तबक माझ्याकडे आलं तेव्हा मी ते पुढे दिलं. शेजारच्या शांताबाईंनी वाकून हळूच विचारलं, "तुम्हालाही साखर निघाली का हो?" मी नाही म्हणाले. त्या अजून काही ऐकायच्या बेतात होत्या, पण मी खाली बघत राहिले.

या शनिवारी तुमची एन्नोरची पाळी होती. मी जाणार आहे. लोकल कुठल्या फलाटावरून सुटते तेही मला माहीत नाही, विचारेन. आधी त्या बाईकडे जाईन आणि ती म्हणेल तिथे खाली बसेन. तिच्याकडे पाणी मागेन आणि सगळं पिऊन मग बोलेन. माझी तामिळ फार चांगली आहे, वन्सं, तिचीच भीती वाटते. तुमच्यासारखा एकेक शब्द शोधून बोलेन म्हणतेय. ती पुन्हा 'परवाइल्ल' म्हणाली तरी मी उठणार नाही, कारण माझ्या आजीचं तिला सांगायचं आहे.

एस्तेरचं उत्तर मी इथे सुपापाशी घोकतेय. खडे वेचून झाले, तांदूळही झाला, तरी बसलेय. तुम्ही पलीकडे आहात असं समजून म्हणून बघते, चुकलं तर मान हलवा.

दुखतात गं, एस्तेर. फार दुखतात. जिना उतरवत नाही. तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं.